निसर्गविज्ञानातला संदर्भशोध: मुंबईतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एम.एस्सी.चा प्रकल्प असो की पीएच.डी.चा सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू बहुतेक वेळा एकाच पद्धतीने बिघडतो. गूगल स्कॉलर उघडायचं, ‘मँग्रोव्ह मुंबई’ टाकायचं, पहिल्या दोन-तीन पानांवरचे पेपर उतरवायचे आणि लिहायला बसायचं. मग व्हायवाला परीक्षक विचारतात, ठाणे खाडीवरचं जुनं काम यात का नाही? ते काम छापलेलं असतं, ग्रंथालयातही असतं. पण ते ‘ठाणा क्रीक’ या नावाखाली आणि वनस्पतीच्या जुन्या नावानिशी असतं, म्हणून शोधात आलेलं नसतं.

खालचा क्रम वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सागरविज्ञान, पर्यावरणशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्यांना मदत करणाऱ्या कॉलेज ग्रंथपालांसाठीही आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: ठाणे खाडीतलं तिवर (खारफुटीचं एक झाड) आणि खारटपणा. तुमचा विषय बोंबील असो की आरेतले बुरशीचे प्रकार, क्रम हाच राहील. लेखात सगळी नावं देवनागरीत दिली आहेत. शोधखिडकीत मात्र ती रोमन लिपीतच टाकायची.

## आधी हाताशी काय हवं

एक शोधनोंद. वही चालेल, स्प्रेडशीट अधिक बरी. रकाने असे: तारीख, कुठे शोधलं, शोधवाक्य (शोधखिडकीत टाकलेले शब्द) जसंच्या तसं, लावलेल्या मर्यादा (वर्ष, भाषा), एकूण निकाल, त्यातले घेतलेले. पहिल्या शोधापासून ही नोंद ठेवायची. नंतर आठवून भरलेली नोंद निरुपयोगी असते, कारण शोधवाक्यातला एक शब्द बदलला तरी निकाल बदलतात.

संदर्भ साठवायचं साधन. झोटेरो फुकट आहे आणि पुरेसं आहे. त्याच्या सर्व्हरवर 300 एमबीच जागा फुकट मिळते, त्यामुळे पीडीएफ आपल्या संगणकावर ठेवा आणि नोंदी तेवढ्या सिंक करा. पेपर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये साठवत गेलात तर महिन्याभराने कुठली फाइल कशाची हे तुम्हालाच कळणार नाही.

कागदपत्रं. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि त्यांच्या प्रती. ही पत्रं एकदम चार-पाच करून घ्या. मुंबईतल्या बहुतेक जुन्या संस्थांमध्ये बाहेरच्या वाचकाला पत्राशिवाय आत घेत नाहीत.

ग्रंथपालांशी अर्धा तास. हे विद्यार्थी सर्रास टाळतात आणि नुकसान करून घेतात. कोणते डेटाबेस आपल्याला मिळतात, घरून लॉगिन होतं का, दुसऱ्या ग्रंथालयातून लेख मागवता येतो का, हे ग्रंथपालच सांगू शकतात. जाताना पहिल्या टप्प्यातला प्रश्न लिहून न्या. ‘सर, मँग्रोव्हवर काही आहे का?’ असं विचारलंत तर उत्तरही तेवढंच मोघम मिळेल.

## टप्पा 1: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘मुंबईच्या खारफुटीचा अभ्यास’ हा विषय झाला. प्रश्न असा असतो: ‘ठाणे खाडीच्या काठावरच्या तिवराच्या रोपांच्या वाढीवर मातीतल्या खारटपणाचा काय परिणाम होतो?’

या वाक्याचे चार तुकडे करा. जीव (तिवर), घटक (खारटपणा), परिणाम (रोपांची वाढ), ठिकाण (ठाणे खाडी). पुढचं सगळं काम या चार तुकड्यांवर चालतं.

तपासा: यातला एखादा तुकडा लिहिताच येत नसेल तर शोध सुरू करू नका. गाईडकडे परत जा.

## टप्पा 2: नावांचा तक्ता करा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. निसर्गविज्ञानातलं जुनं काम हातून निसटतं ते मुख्यतः नावांमुळे. जिवांची नावं बदलतात, गावांची बदलतात, मोजमापाची पद्धतही बदलते. चार तुकड्यांचे चार रकाने आखा आणि प्रत्येकाखाली मिळतील तेवढे पर्याय लिहा.

शास्त्रीय नावं. ठाणे खाडीतलं मुख्य तिवर म्हणजे ॲव्हिसेनिया मरिना. फोर्सकालने 1775 साली त्याला स्क्युरा मरिना म्हटलं होतं. आजचं नाव 1907 मध्ये व्हिरहापरने दिलं. जुन्या भारतीय लेखांत हीच झाडं ॲव्हिसेनिया अल्बा किंवा ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस या नावांखालीही भेटतात, आणि ही दोन्ही नावं आज वेगळ्या जातींची आहेत. म्हणजे ‘अल्बा’ दिसल्यावर तो पेपर बाजूला टाकता येत नाही आणि डोळे झाकून घेताही येत नाही. वर्णन, चित्र किंवा नमुना पाहून ठरवावं लागतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या लेखनात मरिनाचा ‘अक्युटिसिमा’ हा प्रकारही येतो; तोही तक्त्यात घ्या.

कूळही बदललं आहे. तिवर पूर्वी व्हर्बिनेसी कुळात मोजत, मग ॲव्हिसेनिएसी असं वेगळं कूळ केलं गेलं, आता ते ॲकँथेसीत आहे. जुन्या फ्लोरात (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथात) किंवा हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कपाटात ॲकँथेसीखाली शोधाल तर हाती काही लागणार नाही.

समानार्थी नावं कुठून घ्यायची? वनस्पतींसाठी क्यू उद्यानाचं ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’, सागरी जिवांसाठी ‘वर्म्स’ म्हणजे सागरी जातींची जागतिक नोंदवही, माशांसाठी एश्मायर यांची मत्स्यसूची आणि फिशबेस. या सगळ्या ठिकाणी आजचं मान्य नाव आणि जुनी नावं एकाच पानावर मिळतात. विकिपीडियावरून ही यादी घेऊ नका.

लोकांतली नावं. तिवर, चिप्पी, कांदळ ही नावं किनाऱ्यावर गावागणिक थोडी सरकतात. ‘कांदळ’ कुठे एका झाडाचं नाव असतं, कुठे सगळ्या खारफुटीचं. मराठी अहवाल आणि वनविभागाचे कागद वाचताना हे ध्यानात असू द्या. इंग्रजी नावंही तितकीच फसवी असतात. तिवराला ‘ग्रे मँग्रोव्ह’ म्हणतात, ‘व्हाइट मँग्रोव्ह’ही म्हणतात; पण ‘व्हाइट मँग्रोव्ह’ म्हटलं की अमेरिकेत लॅग्युंक्युलेरिया हे वेगळंच झाड समजतात.

ठिकाणांची नावं. मुंबई आणि बॉम्बे, ठाणे आणि ठाणा, वसई आणि बसीन, साष्टी आणि सॅलसेट, शिवडीची दोन-तीन रोमन स्पेलिंगं, घारापुरी आणि एलिफंटा, रायगड आणि कुलाबा जिल्हा. शेवटची जोडी विद्यार्थी हमखास विसरतात: 1981 पूर्वीच्या लेखातला ‘कोलाबा’ म्हणजे बहुधा अलिबाग-पेणचा जिल्हा, दक्षिण मुंबईतला कुलाबा नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानावर काम करणाऱ्यांनी ‘बोरिवली नॅशनल पार्क’ हेही नाव घ्यावं.

इशारा: स्वातंत्र्यापूर्वीच्या लेबलवर किंवा यादीत नुसतं ‘बॉम्बे’ असेल तर ते शहर असेलच असं नाही, इलाखाही असू शकतो. मुंबई इलाख्यात 1936 पर्यंत सिंध होता. धारवाड आणि कारवारही होते. कारवारच्या खाडीतला नमुना मुंबईचा म्हणून नोंदवलात तर पुढची सगळी तुलना चुकते. गाव, खाडी किंवा संग्राहकाच्या प्रवासाची तारीख यांपैकी काही मिळत नसेल तर ठिकाण ‘अनिश्चित’ लिहा.

मोजमापाचे शब्द. खारटपणासाठी सॅलिनिटी, क्लोरिनिटी, कंडक्टिव्हिटी, क्षारता. वाढीसाठी ग्रोथ, बायोमास, सीडलिंग, प्रोपॅग्यूल. हे शब्द मनाने काढू नका. विषयातले दोन चांगले पेपर घ्या, त्यांचं शीर्षक, सारांश आणि कीवर्ड पाहा, तिथलेच उचला.

तपासा: तक्ता गाईडना आणि ग्रंथपालांना दाखवा. एकही जुनं नाव नसलेला तक्ता अपुरा समजा.

## टप्पा 3: शेल्फवर जा, पण आकडा समजून

पुस्तकं, परिषदांचे ग्रंथ आणि अहवाल यांतला बराचसा भाग अजून ऑनलाइन नाही. म्हणून कॅटलॉग पाहायचाच. त्यात एक अडचण आहे, ती कोणी सांगत नाही.

पुस्तकांना विषयक्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत पूर्वी जीवशास्त्र 574 वर आणि परिस्थितिकी 574.5 वर असे. 1996 च्या एकविसाव्या आवृत्तीपासून परिस्थितिकी 577 वर गेली. बहुतेक ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांचे क्रमांक बदललेले नाहीत, त्यामुळे एकाच विषयाची पुस्तकं दोन रांगांत विभागलेली असतात. त्यात बऱ्याच संशोधनसंस्था यूडीसी ही दुसरी वर्गीकरणपद्धत वापरतात आणि यूडीसीत 574 म्हणजे आजही परिस्थितिकीच. आकडा सारखा दिसला तरी आधी पद्धत कुठली ते विचारा.

खारफुटीसाठी ड्यूईच्या शेल्फवर 577 आणि 574.5 पाहून झाल्यावर 580 पासूनच्या वनस्पती, 634.9 चं वनशास्त्र, 333.95 ची जैवसंपदा आणि 551.46 चं सागरविज्ञान हेही चाळा. एकच झाड चार विषयांत वाटलं गेलेलं असतं.

## टप्पा 4: शोधवाक्य बांधा

एका तुकड्याचे पर्याय ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवा, कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडा. दोन शब्दांचं नाव अवतरणचिन्हांत घाला. शब्दाच्या वेगवेगळ्या रूपांसाठी मूळ भागापुढे तारांकन द्या. आपल्या उदाहरणात:

(ॲव्हिसेनिया ऑर “ग्रे मँग्रोव्ह”) अँड (सॅलिन* ऑर क्लोरिनिटी ऑर कंडक्टिव्हिटी) अँड (सीडलिंग* ऑर प्रोपॅग्यूल* ऑर ग्रोथ)

यात ठिकाण नाही, आणि ते मुद्दाम वगळलं आहे. तिवराची ही जात पूर्व आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत आढळते. खारटपणात रोप कसं वाढतं यावरचं महत्त्वाचं काम तिकडेही झालं आहे. ‘ठाणे’ हा शब्द जोडलात की ते सगळं गळून पडतं. म्हणून शोध दोन पदरी करा.

पहिला पदर जातीचा: जीव, घटक आणि परिणाम, ठिकाण जगभर.

दुसरा पदर ठिकाणाचा: (ठाणे ऑर ठाणा ऑर उल्हास ऑर शिवडी ऑर मुंबई ऑर बॉम्बे) अँड (मँग्रोव्ह* ऑर क्रीक ऑर एश्चुअरी); जातीचं बंधन नाही. खाडीच्या पाण्यावर, गाळावर, प्रदूषणावर झालेल्या कामातच तुम्हाला हवे असलेले खारटपणाचे जुने आकडे दडलेले असतात आणि त्यांच्या शीर्षकात तिवराचं नाव नसतं.

दोन्ही पदर वेगळे चालवा, नोंद वेगळी ठेवा, एकत्र करा ते सातव्या टप्प्यात.

नेहमीच्या चुका: ‘नॉट’ वापरून नको ते काढायला गेलात की हवं तेही जातं, म्हणून तो शक्यतो टाळा. गूगल स्कॉलर तारांकन मानत नाही; तिथे शब्दाची रूपं वेगवेगळी लिहावी लागतात. स्कॉलर ‘अठरा हजार निकाल’ असं सांगत असलं तरी प्रत्यक्षात पहिले हजारच दाखवतं. त्यामुळे तो एकूण आकडा रिव्ह्यूमध्ये उद्धृत करण्यात अर्थ नाही.

तपासा: विषयातले तुम्हाला आधीच ठाऊक असलेले पाच पेपर लिहून ठेवा. शोधवाक्य चालवल्यावर ते निकालात आले का? एखादा आला नाही तर त्याच्या सारांशातले शब्द पाहा आणि वाक्य दुरुस्त करा. ही चाचणी पार पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा 5: कुठे शोधायचं आणि कोणत्या क्रमाने

अ) शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. सुरुवात इथून करा. आपल्याच खाडीवर कुणी पाच वर्षं घालवून प्रबंध लिहिला असेल तर त्याची संदर्भसूची तुमचं निम्मं काम करते. शोधगंगेचा शब्दशोध फारसा भरवशाचा नाही. विद्यापीठ, मग विभाग, मग वर्ष अशा वाटेने यादी चाळा. प्रबंध प्रकरणांच्या वेगवेगळ्या फायलींत असतो. संदर्भसूचीची फाइल आधी उतरवा. सगळे जुने प्रबंध इथे नाहीत. त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात चौकशी करा.

आ) निर्देशसूची, म्हणजे नियतकालिकांतल्या लेखांच्या शोधता येणाऱ्या सूची. संस्थेकडे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सशुल्क सूची असतील तर उत्तम. नसतील तर ‘द लेन्स’ आणि ‘ओपनॲलेक्स’ फुकट आहेत, शोधवाक्य नीट चालवतात आणि निकाल फाइलमध्ये काढून देतात. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी संस्थांना मिळू लागली. ती योजना पूर्ण लेख मिळवण्यासाठी आहे, शोध घेण्यासाठी नव्हे. आपलं कॉलेज त्यात आहे का ते ग्रंथपालांना विचारा.

इ) भारतीय भांडारं. इथलं काम परदेशी सूचींमध्ये अर्धवट येतं, म्हणून हा थांबा वगळू नका. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं ई-प्रिंट्स भांडार, ‘निस्पर’ या सरकारी विज्ञानसंस्थेचं ऑनलाइन नियतकालिक भांडार (भू-सागरी विज्ञानाचं भारतीय नियतकालिक तिथे आहे), ‘करंट सायन्स’चे जुने अंक, ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’. सगळी खुली आहेत.

ई) जुनं निसर्ग-इतिहासाचं लेखन. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकाचे जुने खंड वाचता येतात. ते 1886 पासून निघतं आहे. तिथला शब्दशोध स्कॅन केलेल्या पानांवर चालतो, त्यामुळे तिरप्या छपाईतली लॅटिन नावं कधीकधी चुकीची वाचलेली असतात. नावाने काही मिळालं नाही तर खंडाची अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनी पाहा. मुख्य लेखांनंतर छापलेली छोटी टिपणं जरूर वाचा. एखाद्या जातीची मुंबईतली नोंद अनेकदा अशा अर्ध्या पानाच्या टिपणातच असते.

उ) नमुने. सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम हे पश्चिम भारतातल्या वनस्पतींचं मोठं नमुनासंग्रहालय आहे. नमुन्याचं लेबल हाही संदर्भ असतो: संग्राहक, क्रमांक, तारीख, ठिकाण. जीबिफ या जैवविविधतेच्या जागतिक खुल्या साठ्यावर नमुन्यांच्या नोंदी ऑनलाइन मिळतात, पण तिथले अक्षांश-रेखांश जुन्या नोंदींमध्ये मागाहून घातलेले असू शकतात. ‘बॉम्बे’ एवढंच लेबल असलेला नमुना नकाशावर शहराच्या मधोमध ठिपका होऊन बसतो.

गूगल स्कॉलर सर्वांत शेवटी. वरच्या ठिकाणी जे सुटलं ते पकडायला ते चांगलं आहे.

## टप्पा 6: पूर्ण लेख मिळवा

आधी खुली प्रत शोधा: अनपेवॉल हे ब्राउझरचं जोडसाधन, लेखकाच्या संस्थेचं भांडार, मग लेखकाला सभ्य भाषेत ईमेल. पायरेट संकेतस्थळांकडे वळण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आंतरग्रंथालयीन देवघेव आणि डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं यांतून लेखाची प्रत मागवता येते. कॉलेज सदस्य आहे का ते विचारा.

छापील अंक पाहायचेच असतील तर शहराच्या भागांप्रमाणे दिवस आखा. टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, लायन गेटसमोरचं बीएनएचएसचं हॉर्नबिल हाउस आणि धोबीतलावचं झेवियर्स हे फोर्ट परिसरात एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. कालिना वेगळ्या दिवशी. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत मासे आणि खाडीच्या पाण्यावरचं साहित्य आहे, तोही वेगळा दिवस.

निघण्यापूर्वी फोन करा आणि चार गोष्टी विचारा: बाहेरच्या वाचकाला प्रवेश आहे का, कोणती कागदपत्रं लागतील, मागणीपत्रक किती वाजेपर्यंत घेतात, फोटो काढता येतो का. हर्बेरियमसाठी वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. सोबत शिसपेन्सिल न्या. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन नेऊ नये.

इशारा: ‘बीएनएचएसचा जुना अंक हवाय’ असं सांगून काम होत नाही. खंड, भाग, पृष्ठं आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी द्या. जुन्या खंडाचे भाग वेगवेगळ्या वर्षांत निघालेले असतात. बांधणीच्या पुठ्ठ्यावरचं वर्ष तुमच्या लेखाचं असेलच असं नाही. त्या भागाचं मुखपृष्ठ बांधणीत शिल्लक असेल तर त्यावरची तारीख टिपून घ्या.

संशोधनासाठी लेखाची प्रत काढणं 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 खाली न्याय्य वापरात बसतं. अख्खं पुस्तक फोटो काढून नेणं त्यात धरू नका.

## टप्पा 7: गाळणी

दोन्ही पदर झोटेरोत एकत्र करा, दुहेरी नोंदी काढा. शीर्षक आणि सारांश वाचून पहिली गाळणी, पूर्ण लेख वाचून दुसरी. दुसऱ्या गाळणीत वगळलेल्या प्रत्येक लेखापुढे एका ओळीत कारण लिहा: ‘जात वेगळी’, ‘खारटपणा मोजलेला नाही’, ‘रोपं नाहीत, मोठी झाडं’. निकष वाचायच्या आधी ठरवायचे. वाचता वाचता बदलावे लागले तर आधी गाळलेले लेख पुन्हा पाहायचे.

## टप्पा 8: आकडे उतरवताना एककं आधी पाहा

प्रत्येक लेखासाठी तक्त्यात एक ओळ: जात (लेखात आहे तशी आणि आजची), ठिकाण, नमुने घेतलेले महिने, काय मोजलं, कसं मोजलं, एकक, आकडा, पान क्रमांक. ‘कसं मोजलं’ हा रकाना रिकामा सोडण्याची सवय फार महागात पडते.

खारटपणाचंच घ्या. ‘पीपीटी’ म्हणजे पाण्याच्या बाबतीत हजारी भाग. रसायनशास्त्राच्या लेखात तेच अक्षर लाखकोटी भागांसाठी वापरतात. 1978 च्या व्यावहारिक मोजपट्टीनंतर सागरविज्ञानात खारटपणाला एककच उरलं नाही. नुसतं ‘35’ लिहितात. त्याआधीच्या लेखांत कधी क्लोरिनिटी दिलेली असते, तिला 1.80655 ने गुणलं की खारटपणा मिळतो. लक्षात न आल्यास खाडी निम्म्याने गोडी वाटेल.

मातीचं आणखी अवघड. मातीचा खारटपणा बहुधा विद्युतवाहकतेवरून सांगतात. पण एका भाग मातीत पाच भाग पाणी घालून काढलेली वाहकता आणि संपृक्त लगद्याच्या अर्काची वाहकता यांची थेट तुलना होत नाही, कारण पहिल्या पद्धतीत क्षार बरेच विरळ होतात. दोन लेखांचे आकडे एकाच आलेखावर ठेवण्याआधी अर्क कसा काढला ते वाचा. पद्धत दिली नसेल तर तो आकडा तुलनेत घेऊ नका, मजकुरात उल्लेख करा.

महिना हवाच. जून ते सप्टेंबरच्या पावसात खाडीचं पाणी गोडसर होतं आणि मे महिन्यात खारटपणा चढलेला असतो. एका लेखातला ऑगस्टचा आकडा आणि दुसऱ्यातला मेचा आकडा शेजारी ठेवून ‘खाडीचा खारटपणा वाढला’ असा निष्कर्ष काढलेले रिव्ह्यू वाचनात येतात. असं लेखन पुढे कुणीतरी खरं धरून उद्धृत करतं आणि चूक पसरत जाते. भरती-ओहोटीची वेळ, नमुना खाडीच्या तोंडाशी घेतला की आतल्या टोकाला, हेही लिहा.

तपासा: तक्त्यातल्या कोणत्याही दहा ओळी दुसऱ्या विद्यार्थ्याला द्या आणि मूळ लेखावरून पुन्हा भरायला सांगा. दोघांचे रकाने जुळले नाहीत तर सगळा तक्ता पुन्हा पाहायला हवा.

## टप्पा 9: संदर्भ मागे आणि पुढे तपासा

निवडलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या लेखाची संदर्भसूची वाचा. हे झालं मागे जाणं. मग त्या लेखाला पुढे कोणी उद्धृत केलं ते स्कॉलर किंवा लेन्सवर पाहा. जुन्या नावाखालचे लेख हमखास या फेरीत सापडतात. सापडलेलं नवं नाव तक्त्यात घाला आणि चौथ्या टप्प्यातलं वाक्य पुन्हा चालवा. दोन फेऱ्यांत नवं काही आलं नाही की थांबा.

नेहमीची चूक: एका लेखात वाचलेला दुसऱ्याचा आकडा मूळ लेख न पाहता मूळ लेखकाच्या नावावर टाकणं. मूळ लेख मिळालाच नाही तर तसं स्पष्ट लिहा: ‘अमुकांच्या लेखात उद्धृत’.

## टप्पा 10: संदर्भ खरे आहेत का

चॅटबॉटकडून मिळालेली संदर्भयादी कधीही थेट घेऊ नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र अस्तित्वात नाही, असे संदर्भ त्यांत सर्रास असतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांक) उघडून शीर्षक जुळवा. डीओआय नसलेल्या जुन्या लेखाचं पान प्रत्यक्ष पाहिलेलं असलं पाहिजे.

मागे घेतलेले लेख तपासा. रिट्रॅक्शन वॉचची नोंद 2023 पासून क्रॉसरेफकडे असून ती सर्वांना खुली आहे, आणि तुमच्या साठ्यातला लेख मागे घेतला गेला असेल तर झोटेरो तांबड्या पट्टीने दाखवतं. ती पट्टी दुर्लक्षू नका.

नियतकालिकाचा दर्जा यादीवरून ठरवण्याची सवयही सोडायला हवी. यूजीसीने 2025 मध्ये केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता ‘यादीत आहे’ एवढं उत्तर चालत नाही. संपादक मंडळातली माणसं त्या विषयातली आहेत का, पद्धतीचा भाग पुरेसा दिला आहे का, चार दिवसांत स्वीकृतीचं आश्वासन आहे का, हे पाहा.

## टप्पा 11: पद्धतीचा परिच्छेद लिहा

रिव्ह्यूच्या सुरुवातीलाच एक परिच्छेद हवा: कोणत्या तारखांना, कोणकोणत्या ठिकाणी, कोणत्या शोधवाक्याने शोधलं, किती नोंदी मिळाल्या, दुहेरी काढून किती उरल्या, दोन गाळण्यांनंतर किती राहिल्या. प्रिझ्मा या रिव्ह्यू-लेखनाच्या मार्गदर्शक नियमावलीच्या 2020 च्या आवृत्तीत यासाठी आकृती तयार आहे. संपूर्ण शोधवाक्यं आणि नावांचा तक्ता परिशिष्टात जोडा. स्वतः हाताळून पाहिलेले खंड, हर्बेरियमचे नमुना क्रमांक हेही त्यातच द्या. परीक्षकाला तुमच्या कामाची खोली तिथे दिसते.

‘या विषयावर आजवर काम झालेलं नाही’ हे वाक्य लिहायचं असेल तर त्यात शोधाची हद्द घाला: अमुक ठिकाणी, अमुक नावांनी, अमुक तारखेपर्यंत शोधल्यावर काम आढळलं नाही. एवढं लिहिलंत की वाक्य पडताळता येतं.

प्रबंध सादर करण्यापूर्वी महिनाभर आधी दोन्ही पदरांची शोधवाक्यं पुन्हा चालवा, मधल्या काळात आलेले लेख त्याच निकषांनी गाळा आणि शोधनोंदीत नवी तारीख घाला. डेटाबेसमध्ये त्याच वाक्यावर ईमेल सूचना लावून ठेवली असेल तर हे काम एका दुपारचं आहे.